हम क्या पूछना, सर?

‘इक्रा’ या शब्दाने आपल्याकडच्या शिक्षणावरील प्रत्येक भाषणाची सुरुवात होते. पैगंबरांवर उतरलेला पहिला शब्द ‘वाच’ हा होता, हे सत्कार समारंभातल्या प्रमुख पाहुण्यांना जसे ठाऊक असते तसे मोहल्ल्याच्या नाक्यावरच्या रिक्षावाल्यालाही ठाऊक असते. शिक्षणाचे महत्त्व आपल्या समाजाला पटवून देण्याचे दिवस आता मागे पडले आहेत. ते पटलेले आहे. अडचण पुढची आहे. ‘वाच’ असे सगळेच सांगतात. पण मूल वाचायला शिकते कसे, शिकता शिकता अडते कुठे आणि अडले की आई-बापाने काय करायचे, हे सांगायला कोणी बसत नाही. दहावीच्या निकालानंतर गुणवंतांचे सत्कार होतात, ट्रॉफ्या वाटल्या जातात, फोटो निघतात. जे सातवीत, आठवीत, नववीत गळाले त्यांच्यासाठी समारंभ नसतो. त्यांना शोधायचे तर गॅरेजमध्ये, बेकरीत, यंत्रमागाच्या कारखान्यात आणि लग्नाच्या मांडवात शोधावे लागते.

आम्ही म्हणजे कोणी संस्था नाही. नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही, बॅनर नाही. मराठी शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी, उर्दू शाळेतल्या एक आपा, एक अंगणवाडी सेविका, बी.एड. करून घरी बसलेल्या दोन मुली आणि कारखान्यात हिशेब लिहिणारा एक तरुण, असे आम्ही सहा जण आहोत. १९९० साली ज्या सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले त्याच सोलापुरात, रविवारी असरच्या नमाजनंतर, मोहल्ल्यातल्या जमातखान्यात आम्ही सतरंजी टाकून बसतो. पालक येतात. कधी पंचवीस येतात, कधी तीन येतात. येताना मुलाचे प्रगतिपत्रक घडी घालून खिशात किंवा बुरख्याच्या आतल्या पिशवीत आणतात आणि आमच्यापुढे डॉक्टरचा रिपोर्ट ठेवावा तसे ठेवतात.

“मुसलमानांना शिक्षणाची आस्था नाही” हे वाक्य आम्ही नोकरीत असताना स्टाफरूममध्ये पुष्कळ वेळा ऐकले. सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला तेव्हा त्यातल्या दोन आकड्यांवर आम्ही बरेच दिवस आपसात बोलत होतो. सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी पंचवीस टक्के मुले एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती. आणि ‘मुसलमानांची मुले मदरशात जातात’ असे जे सर्रास बोलले जाते त्यावर अहवाल सांगत होता की, मदरशात जाणारी मुले शंभरात तीन-चार एवढीच आहेत. म्हणजे बाकीची सारी मुले इतरांसारख्याच साध्या शाळांत जात होती, आणि तिथूनच गळत होती. आस्था नसती तर ती शाळेत गेलीच नसती. आमच्या सतरंजीवर येणारा हमाल बाप पोराच्या ट्यूशनसाठी महिन्याला हजार रुपये मोजतो. आस्था आणखी कशाला म्हणायचे?

मग उणीव कशाची आहे? एकदा विड्या वळणाऱ्या एका खालांनी ती एका वाक्यात सांगितली. आम्ही त्यांना म्हणालो, “खाला, शाळेत जाऊन बाईंना भेटा, मुलाबद्दल विचारा.” त्या म्हणाल्या, “हमकू लिखना-पढना आता नै. साळा में जाके हम क्या पूछना, सर?”

हा प्रश्न आम्हाला फार मोलाचा वाटतो. त्यात निष्काळजीपणा नाही, लाजही नाही. विचारायचे काय, एवढेच त्यांना हवे होते. त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर आम्ही गेली काही वर्षे शोधतो आहोत, आणि जे हाती लागले ते इथे मांडतो आहोत.

पहिली गोष्ट भाषेची. आमच्यातले बहुतेक जण दखनी बोलत वाढलो. ‘नक्को’, ‘हौ’, ‘कायकू’ हीच आमची आईची बोली. पण दखनीत शाळा नाही, दखनीत पुस्तक नाही. बालभारती आठ माध्यमांत पाठ्यपुस्तके काढते, त्यांत ती नाही. घरात दखनी, दीनसाठी अरबी, तहजीबसाठी उर्दू, कचेरी आणि बाजारासाठी मराठी, नोकरीसाठी इंग्रजी, असा पाच भाषांचा पसारा आपल्या मुलाच्या डोक्यावर सहाव्या वर्षी पडतो. शेजारच्या तेलुगू किंवा कन्नड घरातल्या मुलालाही भाषांचा भार असतो. पण लिपीची दिशा बदलत नाही. आपल्या मुलाला सकाळी मकतबमध्ये उजवीकडून डावीकडे आणि दुपारी शाळेत डावीकडून उजवीकडे वाचायचे असते.

“मग कोणत्या माध्यमात घालायचे?” हा प्रश्न दर जून महिन्यात येतो. याचे छापील उत्तर आम्ही देत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पाचवीपर्यंत तरी, शक्य असेल तिथे, घरच्या भाषेत शिकवावे असे म्हटले आहे. त्याच वर्षी महाराष्ट्राने सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. धोरण आणि कायदा आपल्या जागी आहेत. आमच्यापुढे बसलेल्या बापाला मात्र फार साधे विचारावे लागते. वर्गात बाई बोलतात ते मुलाला कळते का? घरी आल्यावर त्या दिवशी शाळेत काय झाले हे तो सांगू शकतो का? ज्या भाषेत तो शिकतो ती भाषा बोलणारे घरात, गल्लीत, निदान एक तरी माणूस आहे का? या तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर माध्यम उर्दू असो, मराठी असो की इंग्रजी, मूल तरून जाते. तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर शाळेची इमारत कितीही उंच असो, मूल पाठांतरावर तग धरते आणि पाचवी-सहावीत आपटते. कर्ज काढून इंग्रजी शाळेत घातलेली मुले आमच्याकडे येतात. ‘रेन रेन गो अवे’ धडाधड म्हणतात आणि ‘रेन म्हणजे काय?’ विचारले की अम्मीकडे पाहतात.

आता वाचनाचे घ्या. अनेक घरांतून एक तक्रार हमखास येते: “सर, छोकरे ने कुरआन नाझरा पूरा किया. फिर उर्दू की किताब कायकू नै पढता? नाटक करता.” बापाला हे नाटक वाटते, कारण दोन्हीकडे अक्षरे तीच दिसतात. पण मकतबमधल्या कायद्यात आणि कुरआनमध्ये प्रत्येक अक्षरावर जेर, जबर, पेश असते. उच्चार कसा करायचा ते तिथेच लिहिलेले असते. उर्दूच्या पुस्तकात पहिल्या इयत्तांनंतर या खुणा गळून पडतात. आता शब्द माहीत असेल तरच तो वाचता येतो. शिवाय तिथे नस्तालीक वळण आहे. अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एका रूपात, मध्ये दुसऱ्या, शेवटी तिसऱ्या रूपात येते. ‘बे’, ‘पे’, ‘ते’, ‘से’ यांचा सांगाडा एकच, फरक नुक्त्यांचा. ज्या मुलाच्या घरी दखनी बोलली जाते आणि ज्याने पुस्तकी उर्दूचे शब्द कधी ऐकलेलेच नाहीत, तो अडखळणारच. ते नाटक नसते. नाझरा वाचणे हे एक कौशल्य आहे, अर्थासह वाचणे हे दुसरे. पहिले आले म्हणून दुसरे आपोआप येत नाही.

मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाची अडचण वेगळी. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांत तो चुकतो. ‘कि’ मध्ये वेलांटी लिहायची आधी आणि बोलायची नंतर, हे त्याला विचित्र वाटते. जोडाक्षर आणि रफार आला की थांबतो. ‘ळ’ आणि ‘ण’ घरात कोणी नीट उच्चारत नसेल तर श्रुतलेखनात ‘शाळा’चे ‘साला’ होते आणि वर्गात हशा पिकतो. ते हसणे मुलाच्या मनात फार खोल जाते. पुढे तो हात वर करायचाच थांबतो. बाई म्हणतात, “शांत आहे, त्रास देत नाही.” पालक खूश होतात. आम्हाला मात्र असे शांत मूल पाहिले की काळजी वाटते.

आकड्यांचेही तसेच आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’च्या जोडीला ‘वीस पाच’ असे वाचन आले तेव्हा राज्यभर टिंगल झाली. आमच्या जमातखान्यातही हसू उसळले. पण जे मूल पंचवीस ऐकून ५२ लिहिते त्याच्याकडे जरा पाहा. ‘पंच’ आधी ऐकू येतो म्हणून ते पाच आधी लिहिते. कानाने ऐकले तसेच लिहिले. त्याच्या चुकीत तर्क आहे. उर्दू शाळेत तर शब्द उजवीकडून लिहायचे आणि त्याच ओळीतला आकडा डावीकडून. चूक पाहून कान पिळण्याआधी ती चूक कोणत्या वाटेने आली हे विचारले, तर अर्धे काम तिथेच होते.

मघाच्या खालांना आम्ही म्हणालो होतो की, अभ्यास घ्यायला तुम्हाला लिहिता-वाचता यायलाच हवे असे नाही. त्यांना ते खरे वाटले नाही. आम्ही विचारले, “हजार विड्यांचे कट्टे किती?” त्या क्षणात म्हणाल्या, “चालीस.” पंचवीस विड्यांचा एक कट्टा, चार कट्ट्यांचे शंभर, चाळीस कट्ट्यांचे हजार. चौथीतल्या त्यांच्या मुलाला हा भागाकार येत नव्हता. त्या संध्याकाळपासून कट्टे मोजायला त्यांनी मुलाला शेजारी बसवले. वळायला नाही, फक्त मोजायला. महिन्याभराने पंचवीसचा पाढा त्याला पाठ न करता येऊ लागला.

पण भाषेचा आणि सरावाचा अडसर दूर केल्यानंतरही काही मुले अडतात. त्यांच्याबद्दल विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आपल्या मोहल्ल्यात सगळ्यांत जास्त मार ही मुले खातात.

एका गॅरेजवाल्याचा मुलगा आठवीत होता. तोंडी विचारा, सगळे सांगत असे. विज्ञानाच्या बाईंनी शिकवलेला धडा घरी येऊन लहान बहिणीला समजावून देई. बापाच्या हाताखाली बसला तर न सांगता दहा-अकराचा पाना पुढे करी, जुन्या गाडीचा कार्बोरेटर उघडून साफ करून पुन्हा बसवी. पण कागद पुढे आला की घाम फुटे. एकाच पानावर एकच शब्द तीन प्रकारे लिही. फळ्यावरून उतरवताना ओळी गाळी. परीक्षेत पहिले दोन प्रश्न लिहीपर्यंत वेळ संपे. शाळेने सांगितले, लक्ष नाही. ट्यूशनवाल्याने सांगितले, कामचोर आहे. बाप म्हणाला, “दिमाग में भूसा भर्‍या है, गॅरेज में डालतूं.” हे सांगताना मुलगा शेजारीच बसला होता आणि सतरंजीचा दोरा ओढत होता.

अशा मुलांबद्दल आपल्या लोकांनी ऐकलेले नाही असे नाही. २००७ साली ‘तारे जमीन पर’ आला तेव्हा मोहल्ल्यातल्या बायकांनी डोळे पुसत तो पाहिला. पण सिनेमातले मूल श्रीमंताघरचे होते. आपल्या घरातही तसे मूल असू शकते हे कोणाच्या मनात आले नाही. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. यात बुद्धी कमी नसते. डोळे-कान ठीक असतात, समज असते. फक्त अक्षरांचा आणि आवाजांचा मेळ घालणे, किंवा लिहिणे, किंवा आकडेमोड करणे मेंदूला जड जाते. महाराष्ट्रात अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याची सुरुवात १९९६ साली झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारच्या अपंगत्वांत या अडचणीचा समावेश केला. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत तासामागे वीस मिनिटे जादा मिळतात, गरज असेल तर लेखनिक मिळतो. हा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. तरीही आमच्या मोहल्ल्यातून इतक्या वर्षांत असे प्रमाणपत्र घेणारी मुले एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

त्याचे एक कारण आम्हाला त्या गॅरेजवाल्याच्या घरी कळले. आम्ही सरकारी रुग्णालयात तपासणीला चला म्हटले तेव्हा बाप तयार झाला, अम्मी तयार झाली. दादी पलंगावरून उठून बसल्या आणि म्हणाल्या, “पागल का सर्टिफिकेट लेके आते क्या जी? कल कू बच्चे कू बेटी कौन देते?”

त्यांची भीती आम्ही हसण्यावारी नेली नाही. ‘अपंग’ हा शिक्का आपल्या समाजात, किंबहुना कोणत्याही समाजात, लग्नाच्या बाजारात जड पडतो. आमच्यातल्या आपा त्यांच्या पलंगावर जाऊन बसल्या. म्हणाल्या, “दादी, तुम्ही चष्मा लावता. चष्म्याच्या नंबरची चिठ्ठी पाहून कोणी तुम्हाला आंधळे म्हटले का? ही तशीच चिठ्ठी आहे. पोराला अक्कल आहे, असे डॉक्टरच लिहून देतील.” दादी काही बोलल्या नाहीत. सकाळी मात्र त्यांनीच नातवाला नवा सदरा घालून तयार ठेवले होते.

रुग्णालयाच्या चार खेपा झाल्या. आधी डोळे, मग कान. हे महत्त्वाचे आहे. कारण दर वर्षी आमच्याकडे येणाऱ्या ‘मठ्ठ’ मुलांत एखाददुसऱ्याला नुसता चष्मा लागतो आणि एखाद्याच्या कानातून लहानपणापासून पू येत असतो. त्यानंतर बुद्धीची चाचणी, मग वाचन-लेखनाची. मूल कोणत्या भाषेत तपासायचे हा प्रश्न आपल्याकडे टोकदार होतो. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘दाली’ नावाची चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत तयार केली आहे. मुलगा मराठी शाळेतला होता म्हणून वाट सापडली. उर्दू शाळेतल्या, घरी दखनी बोलणाऱ्या मुलाची अडचण भाषेची आहे की मेंदूच्या मांडणीची, हे ठरवायला तपासणाऱ्याजवळ फार धीर लागतो, आणि पालकांनी घरची भाषा कोणती हे आधीच स्पष्ट सांगावे लागते. अनेक पालक फॉर्मवर ‘मातृभाषा उर्दू’ असे लिहितात आणि दखनीचे नावही काढत नाहीत. इथे ते लपवून मुलाचे नुकसान होते.

तो मुलगा दहावी झाला. जादा वेळ घेऊन, एकेक शब्द लावत झाला. आज तो आयटीआयमध्ये आहे. त्याच गल्लीतला त्याच्याहून मोठा एक मुलगा, अगदी तशीच लक्षणे असलेला, सहावीतच बेकरीत लागला होता. त्याच्या वेळी आमची सतरंजी पडलेली नव्हती. आता तो बावीस-तेवीस वर्षांचा आहे. पावाच्या ट्रेवर दुकानांची नावे खडूने लिहायला दुसऱ्याला सांगतो आणि दर रविवारी धाकट्या भावाला स्वतः आणून आमच्याकडे बसवतो. तो काही बोलत नाही. दाराशी उभा राहून ऐकतो.

मुले अडली आहेत हे पालकांना इतके उशिरा का कळते, यालाही कारणे आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलाला आठवीपर्यंत नापास करायचे नाही, हा त्यातला नियम चांगल्या हेतूचा होता. नापासाच्या शिक्क्याने मुले शाळा सोडतात हे खरेच होते. पण आमच्या बापमंडळींनी त्याचा अर्थ ‘पास झाला म्हणजे आले’ असा घेतला. प्रगतिपत्रकावर गुणांच्या जागी श्रेणी आल्या. ‘ब-२’ म्हणजे चांगले की वाईट, हे कोणी समजावून सांगितले नाही. नंतर २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. पुनर्परीक्षेतही न जमल्यास त्याच वर्गात बसावे लागते. मधल्या काळात करोना आला. २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात नीट बसले तेव्हा तिसरीच्या उंबऱ्यावर होते. एका फोनवर तीन भावंडे आणि रिचार्ज संपलेला, असे ते शिक्षण झाले. त्या मुलांची पहिली-दुसरी राहून गेली आहे. ती आता पुढच्या वर्गांत पोचली आहेत आणि त्यांना ‘आळशी’ म्हटले जाते.

शाळेत जाण्याचे निमित्तही कमी झाले. अल्पसंख्याक मुलांसाठी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २००८ साली सुरू झाली. रक्कम थोडी होती. पण त्या फॉर्मसाठी का होईना, बाप वर्षातून एकदा शाळेची पायरी चढत असे, उत्पन्नाचा दाखला देताना मास्तरांशी चार शब्द बोलत असे. २०२२ मध्ये पहिली ते आठवीची ही शिष्यवृत्ती बंद झाली, फक्त नववी-दहावीला उरली. पैशांबरोबर ते चार शब्दही गेले.

म्हणून आम्ही पालकांना सांगतो, फॉर्म नसला तरी शाळेत जा. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. अनुदानित अल्पसंख्याक शाळांत ही समिती फक्त सल्ला देते, पण सल्ला देण्यासाठीही तोंड उघडावे लागते. आमच्या मोहल्ल्यातल्या एक भाभी दोन वर्षे एका शाळेच्या समितीत सदस्य होत्या. त्यांना ते रजिस्टरवर सही करायला बोलावले तेव्हाच कळत असे. आता त्या सही करण्याआधी “इसमें क्या लिखेले है, पढके सुनाओ” म्हणतात. एवढ्यानेही फरक पडला. मुलींच्या स्वच्छतागृहाचे दार त्या वाक्यानंतर बसले.

भाभींचे नाव निघाले म्हणून सांगतो. सावित्रीबाईंनी १८५६ साली जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख येतो. आपल्या गैरहजेरीत तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा. आपल्या सभांत त्या फातिमाचे नाव फार आदराने घेतले जाते. पण घरातली फातिमा रविवारी आमच्याकडे यायला निघाली की, “औरतों का क्या काम वहाँ?” म्हणणारे आहेतच. मुलाजवळ दिवसभर कोण असते? तो कुठल्या शब्दाला अडला, कशाला घाबरला, कुठल्या विषयाच्या दिवशी पोटात दुखते म्हणाला, हे कोणाला ठाऊक असते? बापाला प्रगतिपत्रक ठाऊक असते, मूल अम्मीला ठाऊक असते. आणि मुलीचे म्हणाल तर तिला अभ्यासाची अडचण आहे की अभ्यासाला वेळच नाही, हे आधी पाहावे. भावाचा डबा, धाकट्याचे आवरणे, विड्यांचे सूप, यांतून रात्री नऊला सुटलेली मुलगी पुस्तकावर पेंगली तर तिला मंद म्हणू नये.

तर हम क्या पूछना? खालांच्या प्रश्नाला आमचे उत्तर आता इतके झाले आहे. मुलाला रोज दहा मिनिटे शेजारी बसवा. पुस्तकाचे कोणतेही पान उघडा आणि पानाच्या मधोमध कुठल्याही शब्दावर बोट ठेवून ‘हा वाच’ म्हणा. पाठांतर केलेले मूल सुरुवातीपासूनच म्हणू शकते. मधला शब्द त्याला येत नाही. मग एक परिच्छेद वाचायला सांगा आणि डोळे मिटून ऐका. बोलल्यासारखे ऐकू येते की एकेक अक्षर फोडल्यासारखे, हे ओळखायला शाळा शिकावी लागत नाही. मग पुस्तक मिटून, जे वाचले ते आपल्या बोलीत सांगायला लावा. बाजारातून आल्यावर सुटे पैसे त्याच्याकडून मोजून घ्या. ‘प्रथम’ संस्था २००५ पासून ‘असर’ नावाची जी पाहणी करते तीही याच वाटेने जाते: घरी बसून, एका एका मुलाला, आधी अक्षर, मग शब्द, मग छोटा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. ‘असर’ शब्दाचा अर्थ आपल्याला कोणी सांगायला नको.

आणि शाळेत गेल्यावर ‘कैसा है हमारा बच्चा?’ असे विचारू नका. त्याला ‘ठीक आहे’ एवढेच उत्तर येते. विचारा: त्याला काय वाचता येते, काय येत नाही? तो वर्गात बोलतो का, आणि कोणत्या भाषेत? फळा त्याला दिसतो का? तो कोणाजवळ बसतो? घरी आम्ही कोणती एक गोष्ट करावी? शेवटचा प्रश्न ऐकून खुर्चीवरून उठून उभे राहिलेले शिक्षक आम्ही पाहिले आहेत. असे कोणी विचारत नाही, म्हणून.

खाला गेल्या महिन्यात शाळेत जाऊन आल्या. पाचही प्रश्न त्यांनी पाठ केले होते. बाईंनी सांगितले, मुलगा वाचतो, पण जोडाक्षराला अडतो. घरी रोज पाच जोडाक्षरे त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. खालांनी आमच्याकडून ती कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेतली आणि कागद सुपाच्या वरच्या भिंतीला चिकटवला. मुलगा वाचतो, त्या ऐकतात. परवा आम्ही सहज विचारले तर सुपातले पान कातरता कातरता मान वर न करता म्हणाल्या, “सर, उसमें के तीन मेरेकू बी आने लगे.”